रात्रीची दोन घटका : बुलढाण्याचे आकाश आणि ते पाहण्याची साधने

बुलढाणा जिल्ह्यातील एका शाळेच्या प्रयोगशाळेत आम्हांला एक दुर्बीण दाखवण्यात आली. साडेचार इंची आरशाची, तीन पायांवर उभी राहणारी, भिंगांच्या डब्या आणि माहितीपुस्तिकेसह खोक्यात व्यवस्थित ठेवलेली. ती येऊन काही वर्षे झाली होती. विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रामाणिकपणे सांगितले, की दोनदा त्यांनी ती पटांगणात मांडली, चंद्र सापडलाही, पण तो मिनिटभरात निसटून जाई आणि पुन्हा हाती लागत नसे. मुले कंटाळली आणि दुर्बीण खोक्यात परतली. आम्ही तिच्या बैठकीकडे पाहिले. या जातीच्या बैठकीचा एक आस ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि त्यासाठी तिच्यावर अक्षांशांची पट्टी असते. काटा ४५ वर होता. बुलढाण्याचा अक्षांश साडेवीस. कारखान्यातून निघताना जो आकडा लावलेला होता तोच कायम राहिला होता. दुर्बीण बुलढाण्यात आली होती खरी, पण ती अजून युरोपच्या आकाशाकडे पाहत होती.

यात त्या शिक्षकांचा दोष नाही. पुस्तिका इंग्रजीत होती. तिच्यातला नकाशा अशा प्रदेशासाठी काढलेला होता, की जिथे ध्रुवतारा आकाशात अर्ध्या उंचीवर असतो आणि अगस्त्य कधी उगवतच नाही. बुलढाण्यात ध्रुव उत्तर क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते, हे मोजमाप लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. आकाश पाहण्याचे साधन म्हणजे नेमके काय? काच, आरसा आणि लोखंडाची बैठक एवढेच, की त्या काचेला ‘इकडे वळ’ असे सांगणारी भाषाही? साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा प्रश्न मांडण्याचे कारण असे, की या भागात आकाशदर्शनाच्या साधनांचा जो इतिहास आम्हांला दिसतो, तो बराचसा ग्रंथांचा आणि शब्दांचा इतिहास आहे.

*

बुलढाणा शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, तिच्याच पश्चिमेकडच्या पसाऱ्यात, चाळीसगावजवळ, पाटणे हे गाव आहे. तेथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिल्याची नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. एखाद्या शास्त्रज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी डोंगराच्या कुशीत एक संस्था उभी राहते, तिला राजाश्रय मिळतो आणि हे सारे दगडावर कोरून ठेवले जाते. आठशे वर्षांपूर्वीच्या या घटनेचे अप्रूप आम्हांला आजही वाटते.

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्राध्याय आहे. त्यात गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य आणि फलक ही नऊ यंत्रे सांगून झाल्यावर आचार्य दहावे यंत्र सांगतात : धी, म्हणजे बुद्धी. हातात साधी काठी असावी, तिच्या टोकांवरून बांबूचे मूळ आणि अग्र पाहावे आणि त्याची उंची व अंतर सांगावे. ज्याला हे साधले त्याला इतर यंत्रांचा पसारा कशाला हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. हा केवळ कविकल्पनेचा चमत्कार नाही. नऊ यंत्रे बारकाईने वर्णन करणारा माणूस दहाव्याचा महिमा गातो तेव्हा त्याला यंत्रांचे वावडे आहे असे कोणी म्हणणार नाही. यंत्र कसे वापरायचे हे ज्याला समजलेले नाही त्याच्या हाती यंत्र असून नसल्यासारखे, एवढेच त्याला सांगायचे आहे. शाळेतल्या त्या खोक्याशेजारी उभे असताना आम्हांला दहाव्या यंत्राची आठवण झाली.

या यंत्रांपैकी शंकू आजही कोणालाही करता येतो. सपाट जमिनीवर उभी रोवलेली काठी म्हणजे शंकू. बारा अंगुळे उंचीच्या शंकूची विषुवदिनी मध्यान्हीला पडणारी सावली म्हणजे त्या गावाची पलभा. बुलढाण्याची पलभा साडेचार अंगुळे भरते आणि तेवढ्या एका आकड्यावरून गावाचा अक्षांश काढता येतो. लोणारच्या विद्यार्थ्याने २० मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास हीच काठी पाहिली तर तिला सावलीच नसते, कारण सूर्य थेट डोक्यावर आलेला असतो. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या संधीला हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांची मर्जी सांभाळावी लागते. घड्याळातील ती वीस मिनिटे कुठून आली, हे मुलांनी विचारावे असा प्रश्न आहे. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे, लोणार साडेशहात्तरावर. म्हणून येथील मध्यान्ह घड्याळापेक्षा उशिरा होते. जुन्या सिद्धान्तकारांची मध्यरेषा लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाई. ती बुलढाण्याच्या थोडी पश्चिमेकडून जाते. त्या हिशेबाने बुलढाण्याचे देशांतर भरते अवघी चार पळे. जगाचे शून्य एके काळी आपल्या उंबऱ्याशी होते, असे म्हणायला हरकत नाही.

घटीयंत्राची गोष्ट भाषेच्या दृष्टीने आणखी गमतीची. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाटीएवढे पात्र पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटका झाली. लग्नघरातून ते पात्र केव्हाच नाहीसे झाले, पण कोणाची ‘घटका भरली’ असे आपण म्हणतो तेव्हा तेच पात्र बुडत असते. ‘वेध लागणे’, ‘वेध घेणे’ हे शब्दप्रयोगही निरीक्षकाच्या ओट्यावरून थेट व्यवहारात उतरलेले. यंत्रे गेली आणि त्यांची नावे वाक्प्रचारांत राहिली, हा आपल्या भाषेतला नेहमीचा क्रम दिसतो.

*

माणसेही गेली. विदर्भात पयोष्णीच्या काठी दधिग्राम नावाच्या गावी ज्योतिषांचे एक घराणे होते. पयोष्णी म्हणजे पूर्णा असे मानले जाते. हीच पूर्णा पुढे बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहत जाऊन तापीला मिळते. हे घराणे काशीला गेले. त्यातील कृष्णदैवज्ञाने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली आणि त्याला जहांगीराच्या दरबारात मान मिळाला. त्याचा भाऊ रंगनाथ याने १६०३ मध्ये सूर्यसिद्धान्तावर ‘गूढार्थप्रकाशक’ ही टीका पूर्ण केली. रंगनाथाचा मुलगा मुनीश्वर याने १६४६ मध्ये ‘सिद्धान्तसार्वभौम’ रचला. विद्येने राजाश्रय आणि विद्वत्सभा शोधत स्थलांतर करावे यात नवल नाही. पण एका नदीकाठच्या गावाने दिलेली ही माणसे त्या नदीकाठच्या बोलीत काहीच लिहून गेली नाहीत, कारण शास्त्राची भाषा संस्कृत होती. काशीत बसून लिहिलेली टीका पूर्णाकाठच्या कुणब्यापर्यंत पोचण्याचा मार्ग नव्हता. ते काम व्हायला आणखी अडीचशे वर्षे जावी लागली.

एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ (१८६०) लिहून आधुनिक वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले. त्यानंतर पुण्यात दोन घटना जवळजवळ एकाच काळात घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हांला वाटते.

पहिली घटना मोठ्या यंत्राची. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते आणि त्यांच्याकडे ग्रब कंपनीने बनवलेली वीस इंची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच होते. त्या ग्रहणाच्या छायेचा पट्टा कोकणातून शिरून बुलढाणा जिल्ह्याच्या आग्नेयेकडून वऱ्हाड-नागपूरकडे गेला. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला उतरले होते. विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’विषयी १८६८ साली लॉकियरने तेथूनच हेलियम शोधला अशी कथा सांगितली जाते. ती खरी नाही. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांचे वेध तेथलेच आहेत. विजयदुर्गला ते आले तीस वर्षांनी. इतिहास आणि आख्यायिका एकाच ओट्यावर बसल्या की आख्यायिका हळूहळू सारी जागा व्यापते, याचे हे चांगले उदाहरण.

त्याच ग्रहणासाठी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची हौशी मंडळी आपल्या वऱ्हाडात, तळणी या रेल्वे स्टेशनाजवळ उतरली होती. वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर आणि जॉन एव्हरशेड त्यांत होते. अ‍ॅनी माँडर यांच्याजवळ दीड इंची भिंगाचा एक छोटा कॅमेरा होता. त्याच्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून खूप लांबवर गेलेला एक किरण टिपला; मोठमोठ्या उपकरणांना जे साधले नाही ते त्या लहान काचेला साधले. एव्हरशेड पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेचे संचालक झाले. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि वीस इंची दुर्बीणही कोडाईकनाललाच गेली. म्हणजे ज्या दुर्बिणीने मराठी मुलुखाचे आकाश पाहिले, ती या मुलुखात पंचवीस वर्षेही टिकली नाही.

दुसरी घटना एका लहान पुस्तकाची. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मुरूडचे, जन्म १८५३ चा. हयातभर शिक्षक, शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथामुळे त्यांचे नाव जगभरच्या अभ्यासकांत आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे पुस्तक त्यांनी थोडे आधी लिहिले : ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. या शीर्षकातला प्रत्येक शब्द विचारपूर्वक ठेवल्यासारखा वाटतो. ‘ज्योतिर्विलास’ पंडितांसाठी. ‘रात्रीची’ म्हणजे अंधारात बाहेर या. ‘मौज’ म्हणजे यात मुहूर्त, फल, शांती काही नाही, नुसता आनंद आहे. आणि ‘दोन घटका’ म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, फार वेळ मागत नाही. उजेडातून अंधारात गेलेला डोळा पुरता रुळायला वीस ते तीस मिनिटे लागतात हे आज आपण जाणतो. म्हणजे एक घटका डोळे तयार होण्याची आणि एक पाहण्याची. दीक्षितांनी हा हिशेब करून शीर्षक दिले असे आम्ही म्हणत नाही, पण हिशेब मात्र बरोबर जुळतो.

दीक्षित १८९८ च्या एप्रिलमध्ये वारले, ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी. त्यांचे पुस्तक मात्र कोडाईकनालला गेले नाही. ते जिल्ह्याजिल्ह्यांतील वाचनालयांच्या कपाटांत राहिले. आमचे म्हणणे असे, की मराठी गद्याच्या इतिहासात निबंधमालेनंतरच्या दोन दशकांचा विचार करताना आपण वाद, विडंबन आणि कादंबरी यांच्याकडे पाहतो. सामान्य वाचकाला हाताला धरून अंगणात नेणाऱ्या या शास्त्रीय गद्याकडे पाहत नाही. ते परिभाषा घडवणारे गद्य आहे. नव्याने कळलेली गोष्ट जुन्या शब्दांत सांगताना त्या शब्दाला किती ताण द्यायचा, हा प्रश्न दीक्षितांपुढे होता आणि तो शैलीचाच प्रश्न आहे. वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात त्याला जागा का नसावी?

*

दीक्षितांनंतर हे काम मासिकांनी आणि नकाशांनी पुढे नेले. १९२८ मध्ये सुरू झालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने मराठीत शास्त्रीय लेखनाची सवय लावली. त्याच्या उभारणीत असलेले प्रा. गो. रा. परांजपे यांचा ‘आकाशदर्शन अ‍ॅटलास’ हाताशी घेऊन कित्येक शिक्षक गच्चीवर गेले असतील. नकाशा ही दिसायला निरुपद्रवी गोष्ट आहे, पण परदेशी नकाशा घेऊन बुलढाण्यात उभे राहिलेल्या माणसाची फसगत होते. पन्नास अंशांवरच्या लंडनकराला जे दक्षिण आकाश कधीच दिसत नाही, ते आपल्याला दिसते. हिवाळ्यात अगस्त्य येथे दक्षिण क्षितिजापासून सतरा अंश वर येतो. मे महिन्यात रात्री त्रिशंकू जेमतेम दहा अंश वर, झाडांच्या शेंड्यांना टेकलेला असतो. आपल्या अक्षांशाचा, आपल्या भाषेतील नावांचा नकाशा हे म्हणून दुर्बिणीच्या आधीचे साधन होय.

नावांच्या बाबतीत मराठीने एक धीट प्रयोग केला आहे. नक्षत्रचक्रातील नावे आपल्याला वारशाने मिळाली : मृग, रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती. पण उत्तरेकडच्या ज्या तारकासमूहांना परंपरेत ठळक नाव नव्हते, त्यांच्यासाठी ग्रीक कथेऐवजी महाभारतातील एक कथा आकाशात नेऊन बसवण्यात आली. ग्रीकांची अँड्रोमेडा झाली देवयानी, कॅसिओपिया झाली शर्मिष्ठा, पर्सियस झाला ययाती आणि सेफियस झाला वृषपर्वा. ग्रीक कथेत कॅसिओपिया ही अँड्रोमेडाची आई आणि सेफियस तिचा बाप. आपल्याकडे त्याच दोघी झाल्या मैत्रिणी, मग मालकीण-दासी, मग सवती. आणि वृषपर्वा झाला शर्मिष्ठेचा बाप. तारे तेच, शेजार तोच, नाती मात्र सारी बदलली. भाषांतराच्या वर्गात याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही. ज्याने खांडेकरांची ‘ययाति’ वाचली आहे त्याला मार्गशीर्षातल्या रात्री डोक्यावर ही चौकडी दाखवली, की ती त्याला पाठ करावी लागत नाही. देवयानीत एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ते पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचे दुसरे तारकाविश्व आहे, हे सांगितल्यावर मात्र कादंबरी आणि पुराण दोन्ही क्षणभर गप्प होतात.

*

आता कुणब्याच्या नक्षत्रांकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यात नक्षत्रांची नावे ज्याला येत नाहीत असा शेतकरी विरळा. ‘मिरग’ लागला की पेरणीची घाई. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त अशी पावसाची सारी उतरंड तोंडपाठ असते. पण यात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे आणि ती आपल्या सहसा ध्यानात येत नाही. जूनच्या आठव्या दिवसाच्या आसपास मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येतो. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र दिवसा सूर्याबरोबर उगवते आणि सूर्याबरोबर मावळते. म्हणजेच ते त्या दिवसांत दिसत नाही. शेतकरी ज्या काळात मृगाचे नाव घेतो नेमक्या त्याच काळात मृग आकाशात अदृश्य असतो! तो दिसतो सहा महिन्यांनी, मार्गशीर्षात, जेव्हा हरभरा वर आलेला असतो आणि मृगाचे नाव कोणाच्या तोंडी नसते. नाव पावसाला चिकटले आणि ताऱ्यांपासून सुटले. ज्या कोणी पहिल्यांदा हे कोष्टक बसवले त्याने रात्री आकाश पाहून, सूर्य कोणत्या ताऱ्यांत लपला आहे याचे अनुमान केले असणार. ते धीयंत्राचेच काम होते. आज आपल्याकडे त्या अनुमानाचे फळ तेवढे उरले आहे.

सारेच मात्र विसरलेले नाही. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणणारे लोक अजून भेटतात. सप्तर्षींत बाज पाहणारेही भेटतात. विदर्भातील गोंडांच्या आकाशाविषयी मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती पळवू पाहणारे चोर, तर मृगात नांगर, अशी चित्रे नोंदलेली आहेत. पुराणातील ऋषी किंवा ग्रीकांचे अस्वल यांच्याइतकीच ही कल्पना सुबक आहे आणि तिच्यात घरातली खाट व शेतातला नांगर आकाशात गेला आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात, निहाली ही जगातल्या कोणत्याही भाषाकुलाशी निश्चित नाते न जुळलेली भाषा फार थोडे लोक बोलतात. भाषेचे विद्यार्थी तिचा शब्दसंग्रह करायला जातात. त्यांनी एखादी रात्र अंगणात बसून ताऱ्यांची नावेही विचारावीत, अशी आमची विनंती आहे. ती नावे सांगणारी माणसे वृद्ध असतात.

त्याच तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी सर्वश्रुत आहे. अक्षय्यतृतीयेला शेतात घट आणि धान्ये मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या स्थितीवरून पाऊसपाण्याचे भाकीत करायचे. त्या भाकिताच्या खरेखोटेपणात आम्ही येथे शिरत नाही. आमचे लक्ष वेधले ते एवढ्याने, की पावसाचे नाव आकाशातले आणि पावसाचा शोध मात्र जमिनीवरच्या दाण्यांत. पहाटे त्या शेताभोवती जमणाऱ्या हजारोंपैकी कितीजणांची नजर वर जात असेल?

*

लोणारचे नाव घेतल्याशिवाय बुलढाण्याच्या आकाशाचा विषय पुरा होत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पुराणांत लवणासुराच्या वधाशी जोडले गेले. ‘आईन-इ-अकबरी’त त्याचा उल्लेख आला. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर दीर्घकाळ भूवैज्ञानिक त्याला ज्वालामुखीचेच मुख मानत राहिले, कारण चहूकडे ज्वालामुखीचाच खडक. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघाताच्या प्रचंड दाबानेच होऊ शकणारे खनिजातील बदल तेथील खडकांत दाखवून दिले आणि हे विवर आकाशातून आलेल्या दगडाने झाले हे नक्की केले. त्याच्या वयाविषयी मात्र अजून एकमत नाही : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ च्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. पाहणाऱ्याच्या हाती सूक्ष्मदर्शक आला तेव्हा आकाशाची ही खूण वाचता आली. त्याआधी लोकांनी ती असुर आणि विष्णू यांच्या भाषेत वाचली होती. वरून काहीतरी आले आणि जमीन फुटली, एवढे त्या भाषेलाही कळले होते असे मानण्याचा मोह होतो. पण तो मोहच. कथेला पुराव्याचे काम सांगू नये.

लोणारच्या काठावर अमावास्येच्या रात्री उभे राहिले, की आकाशगंगा अजून दिसते. ‘अजून’ हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक लिहितो. अंधार हे आकाशदर्शनाचे असे साधन आहे, की जे विकत घेता येत नाही आणि एकदा गेले की परत मिळवणे कठीण. मेहकर, लोणार आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला. गावोगावी पांढऱ्या दिव्यांचे खांब आले. रस्त्याने आणि दिव्याने माणसाचे भले होते, याबद्दल वाद नाही. पण वर फेकला जाणारा उजेड कोणाच्याच कामाचा नसतो. दिव्यावर टोपी घातली, की तोच उजेड रस्त्यावर पडतो. पुणेकर किंवा मुंबईकर हौशी निरीक्षकाला अंधारासाठी गाव सोडून लांब जावे लागते. बुलढाण्याच्या मुलाला घराच्या मागे गेले तरी पुरते. ही श्रीमंती आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

*

मग या मुलाने जमवावे तरी काय? क्रम आमच्या मते असा. आधी डोळे आणि अंधार. बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद, म्हणजे नकाशा पाहताना रुळलेली नजर बिघडत नाही. मग आपल्या अक्षांशाचा नकाशा किंवा महिना-वेळ जुळवून फिरवायची तारकाचकती. मोबाइल असल्यास स्टेलॅरियमसारखी प्रणाली, गाव बुलढाणा असे निवडून. मग, दुर्बिणीच्याही आधी, दोन डोळ्यांची द्विनेत्री : दहापट मोठे दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगांची. अंधारात माणसाची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. त्यामुळे पन्नास मिलिमीटरचे भिंग डोळ्याच्या पन्नासपट प्रकाश गोळा करते. कृत्तिकांचा पुंजका, देवयानीचा ठिपका, मृगाच्या तिकांड्याखालचा तेजोमेघ यांच्यासाठी ती भरपूर झाली. सूर्याकडे मात्र यांपैकी कशानेही पाहू नये, कधीच. योग्य गाळणीवाचून क्षणभरही नाही.

दुर्बीण त्यानंतर, आणि ती हाताने करता येते हे फार थोड्यांना माहीत असते. पुण्यातील आयुकाने आणि हौशी संस्थांनी आरसे घासण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी, आणि कित्येक संध्याकाळी. वरची चकती हळूहळू खोलगट होत जाते. मग राळेच्या थरावर सीरियम ऑक्साइडने चकाकी आणायची. शेवटी आरशाचा पृष्ठभाग केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका काटेकोर व्हावा लागतो आणि तो माणसाच्या हाताने होतो, हे पाहिल्यावर यंत्राविषयीची भीती जाते. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. ही मंडळी नोकऱ्या-व्यवसाय सांभाळून शेकडो लोकांना रात्रभर आकाश दाखवतात आणि ते मराठीत दाखवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी असे मंडळ उभे राहायला मोठा निधी लागत नाही. चार शिक्षक, एक वाचनालय आणि महिन्यातली एक अमावास्या लागते.

शाळेतल्या त्या दुर्बिणीकडे आम्ही मार्गशीर्षात पुन्हा गेलो. शिक्षकांनीच बैठकीचा स्क्रू सैल केला आणि काटा ४५ वरून साडेवीसवर आणला. आस खाली झुकला आणि उत्तरेला, कडुनिंबाच्या वर दोन मुठी, ध्रुवाकडे वळला. मग एक चाक हळूहळू फिरवत राहिले की चंद्र निसटेना. मुले रांगेत होती. पूर्वेला मृग वर येत होता. एका मुलीने विचारले, “सर, हाच का पेरणीचा मिरग?” सर म्हणाले, “हो, हाच.” ती थोडा वेळ नुसतीच वर पाहत राहिली. मग म्हणाली, “पण तो तर आत्ता दिसतोय.” त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला शिक्षकांनी जमिनीवर बसून, काठीने मातीत सूर्य आणि पृथ्वी काढायला सुरुवात केली आणि दुर्बिणीपुढची रांग मोडून सगळी मुले त्या काठीभोवती जमली.